सहा बाटल्या, आठ जिभा आणि सगळ्यांना सात गुण

प्रश्न : टिळकवाडीतली आम्ही चार जोडपी महिन्यातून एकदा एकत्र जेवतो. गेल्या एप्रिलमध्ये ठरवलं की रोजच्या जेवणाबरोबर घेता येतील अशा वाइन चाखून गुण द्यायचे आणि यादी करून ओळखीपाळखीत द्यायची. सहा बाटल्या उघडल्या. क्रमाने सांगते : नाशिकची शेनिन ब्लाँ (व्हाइट), गोव्याची गोड पोर्ट, नंदी हिल्सची कॅबर्ने-शिराझ (रेड), चिलीची २,२०० रुपयांची कॅबर्ने (रेडच), अकलूजची सांजोवेझे (तीही रेड) आणि शेवटी नाशिकची स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची. सोबत संकेश्वरी मिरचीचं सुकं मटण नि भाकरी. दहापैकी गुण दिले. जवळजवळ सगळ्यांना सहा-सातच पडले. पोर्ट पहिली आली, चिलीची शेवटून दुसरी, स्पार्कलिंग शेवटची. दाजी म्हणतात, आपण उसाच्या पट्ट्यातली माणसं, आपल्याला गोडच कळणार. पुन्हा करायचं तर कसं करावं? आणि गोव्याहून स्वस्तात आणलेल्या बाटल्या यादीत धरायच्या का?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

ताई, जिभेला दोष देऊ नका. क्रम लिहून पाठवलात हे फार बरं केलंत, कारण निकाल त्या क्रमातच लागलेला आहे.

चाखताना दुसऱ्या नंबरला गोड पोर्ट आली तिथेच पुढच्या चार बाटल्या हरल्या. ड्राय वाइनमध्ये लिटरला साधारण ४ ग्रॅमच्या आत साखर असते. गोड म्हणतात तिच्यात ४५ ग्रॅमच्या वर. कुंदा खाऊन चहा प्यायला की तोच चहा बिनसाखरेचा लागतो, तशी पोर्टनंतरची प्रत्येक ड्राय वाइन आंबट नि कडवट लागणारच. शिवाय एक-दोन घोटांच्या चाचणीत गोडी नेहमी पुढे जाते. त्या पोर्टचा दुसरा ग्लास जेवताना कोणी मागितला होता का, आठवून बघा. घोटाला आवडणारी आणि ग्लासभर पिववणारी वाइन एकच असेल असं नाही, आणि रोज पिणाऱ्याला दुसरीशी काम असतं.

मग मटण. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं; अल्कोहोलही तेच करतं. त्यात रेडमधलं टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून नि बियांतून उतरलेला तुरटपणा, तोंड कोरडं करतं. तिन्ही एकत्र आले की उरते फक्त जळजळ. तुमच्या सहांत सगळ्यांत तुरट आणि भरदार बहुधा ती चिलीची कॅबर्नेच असणार. पोर्टनंतर, संकेश्वरी मिरचीबरोबर आणि एप्रिलच्या उन्हाळ्यात ती प्यायल्यावर २,२०० रुपये काय, ५,००० ची असती तरी तिची तीच गत झाली असती.

स्पार्कलिंगचं तर सगळंच चुकलं. पाच वाइन आणि मटण झाल्यावर ती आली, तेव्हा तिचा नाजूक आंबटपणा कळायला जीभच जागेवर नव्हती. सरबताच्या पसरट ग्लासात ओतली असेल तर बुडबुडेही दोन मिनिटांत गेले. तिला नेहमी पहिला मान, ६ ते ८ अंशांवर, आणि उभ्या निमुळत्या ग्लासात.

आता पुन्हा करायचं तर सगळ्यांत आधी तापमान. गुणांचा तक्ता नंतर. "रेड रूम टेंपरेचरला प्यावी" हे वाक्य ज्या घरांतून आलं तिथली खोली १६ ते १८ अंशांची. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कपाटातली बाटली सहज ३० अंशांवर असते. तेवढ्या उष्म्यात अल्कोहोलची वाफ आधी नाकात जाते, फळाचा वास मागे राहतो आणि चांगली रेडही स्पिरिटसारखी लागते. भरदार रेड १६-१८, हलकी रेड १३-१५, व्हाइट नि रोझे (गुलाबी वाइन) ८-१२ अंश, हे धरून चाला. साध्या फ्रिजमध्ये ३० अंशांची बाटली १७ वर यायला सव्वा ते दीड तास लागतो. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी घालून बाटली मानेपर्यंत बुडवा : रेडला बारा-एक मिनिटं, व्हाइटला पंचवीसेक. नुसत्या बर्फात ठेवू नका. बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते, पाणी मात्र काचेला सगळीकडून लागतं, म्हणून पाणी घातलेला बर्फ लवकर थंड करतो. ग्लासात ओतल्यावर आपल्या हवेत वाइन भराभर तापते, तेव्हा दोन अंश थंडच ओता. स्वयंपाकाचा सुईचा थर्मामीटर असेल तर वाद मिटतो. आणि फ्रिजमधून काढलेली अतिथंड व्हाइटही फसवते : ४ अंशांवर वास दबतो, दोष झाकले जातात आणि साधारण बाटलीला फुकटचे गुण मिळतात.

ग्लासांबद्दल लोक उगाच घाबरतात. चाखण्याच्या ग्लासाचं आंतरराष्ट्रीय माप १९७७ सालचं आहे, आयएसओ ३५९१ : सुमारे २१५ मिलीचा, पोटात रुंद नि तोंडाशी निमुळता. असा मिळाला तर उत्तमच. पण तुमच्या कामाला एवढंच हवं की एका माणसापुढचे सगळे ग्लास एकसारखे असावेत. शेजारच्याचे वेगळे असले तरी बिघडत नाही, कारण तो स्वतःच्याच ग्लासांची आपसात तुलना करणार. प्रत्येक घरातून दहा ग्लास आणले की भागलं. स्टील आणि प्लास्टिक नको. कपाटात पालथे ठेवलेले ग्लास लाकडाचा नि साबणाचा वास धरतात. आदल्या दिवशी नुसत्या गरम पाण्याने विसळून उघडे ठेवा. त्या खोलीत उदबत्ती, मोगऱ्याचा गजरा, अत्तर, पान-तंबाखू, काही नको. स्वयंपाकघरातली फोडणी चाखण्याच्या निदान तासभर आधी उरकलेली असावी. हे सोवळं वाटेल, पण लसणीच्या फोडणीपुढे सोव्हिन्यों ब्लाँसारख्या व्हाइटचा वास घेऊन दाखवावा कोणी.

एका संध्याकाळी एकच रंग, चारच बाटल्या. सहा नकोत. आठांपैकी एकाने पंच व्हायचं. जो घरी गाडी चालवणार त्यालाच करा. तो गुण देणार नाही आणि पिणारही नाही. पंचाने स्वयंपाकघरात मानेवरची पन्नी काढायची, ग्लासांच्या तळाला १ ते ५ चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि तिथेच ओतून ग्लासच बाहेर आणायचे. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलावर ठेवली तरी उतरत्या खांद्यांची नि रुंद खांद्यांची बाटली कळते, फिरकीचं झाकण की बूच तेही कळतं, आणि तिथून अंदाज सुरू होतात.

चार बाटल्या नि ग्लास पाच का? कारण एक बाटली दोनदा यायला हवी, कोणती ते पंचालाच ठाऊक. कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतल्या वाइन स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी हाच प्रयोग अनुभवी परीक्षकांवर केला. एकाच बाटलीतली वाइन त्यांना न सांगता तीनदा दिली. २००८ साली निकाल प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसलं की तिन्ही वेळा एकाच पदकाच्या टप्प्यात गुण देणारे परीक्षक दहातून जेमतेम एक. व्यवसायाने चाखणाऱ्यांची ही कथा, तर आपण कशाला लाजायचं? पण तपासून मात्र बघायचं. ज्याचे त्या दोन ग्लासांचे गुण विसात तीनपेक्षा जास्त फरकाने आले, त्याचा त्या रात्रीचा कागद बेरजेत धरायचा नाही. सर्दी असेल, दमला असेल. रुसायचं कारण नाही.

माप प्रत्येकी ४० मिली. एका ग्लासात मोजून ४० मिली पाणी घाला, पातळीवर रबर चढवा, बाकीचे ग्लास त्याच्याशी जुळवा. सात जणांना २८० मिली लागते, दोनदा आलेल्या बाटलीतून ५६० जाते, तरी जेवणाला उरतेच. पाच ग्लास मिळून २०० मिली. १३ टक्क्यांच्या वाइनमध्ये त्यात सुमारे २६ मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा एक मोठा पेग. पुढे जेवणातली वेगळीच. प्रत्येकापुढे थुंकायला स्टीलचा तांब्या ठेवला तर कोणी नाक मुरडू नये, सगळीकडे तसंच करतात. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम ही गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा यायला फार प्यावी लागत नाही.

पहिल्यांदा बसण्याआधी दहा मिनिटं जिभेची उजळणी करून घ्या. वाइनपेक्षा याचाच जास्त उपयोग होतो असं आमचं मत आहे. पाव लिटर पाण्यात एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅम साखर : ही लिटरला २० ग्रॅम झाली, निमगोड शेनिनच्या आसपासची. दुसऱ्या ग्लासात तेवढ्याच पाण्यात अर्धं लिंबू, साखर नाही : हा आंबटपणा, तो जिभेच्या कडांना लागून लाळ सोडतो. तिसऱ्यात पाच मिनिटं उकळून गार केलेला कोरा चहा : हे टॅनिन, ते हिरड्यांना आणि गालाच्या आतून धरतं. मग पहिल्या, साखरेच्या ग्लासातच उरलेलं अर्धं लिंबू पिळून प्या. साखर तेवढीच असून गोडी कमी वाटेल. वाइनमध्ये हेच चाललेलं असतं, म्हणूनच निमगोड शेनिन पुष्कळांना ड्राय वाटते. आणि वास फळाचा आला की लोक वाइनला गोड म्हणून मोकळे होतात. नाक दाबून घोट घ्या : तरीही गोड लागली तर साखर आहे, नाहीतर तो नुसता वास होता.

आता गुण. जगात दोन पद्धती जास्त चालतात. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९५९ साली तयार झालेला २० गुणांचा तक्ता मुळात वाइन बनवणाऱ्यांना दोष पकडता यावेत म्हणून होता. १०० गुणांची पद्धत रॉबर्ट पार्कर यांनी १९७८ पासून लोकप्रिय केली. ती ५० पासून सुरू होते आणि दुकानात लावलेली बाटली सहसा ८५ च्या खाली दिसत नाही. घरच्या मंडळींना ८८ आणि ८९ यांतला फरक सांगता येणार नाही, सांगू म्हणणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. तुम्ही २० घ्या, पण वाटणी आपल्या सोयीची करा : वास ५, तोंडातला तोल ७, शेवट (घोटानंतर रेंगाळणारी चव) ३, जेवणासोबत ५. रंगाला गुण नकोत. रंग फक्त बघून ठेवा. कोवळी व्हाइट तपकिरीकडे झुकलेली दिसली तर हवा लागली आहे.

तुमच्या सगळ्यांना सात पडले कारण सात म्हणजे काय हे कोणी ठरवलं नव्हतं. आधी ठरवा. तोलाचे ६-७ तेव्हाच, जेव्हा आंबट, तुरट, गोड, अल्कोहोल यांतलं एकही वेगळं उठून येत नाही. ४-५ म्हणजे एक गोष्ट पुढे आहे पण खटकत नाही. २-३ म्हणजे खटकते. त्याखाली म्हणजे ग्लास संपवावासा वाटत नाही. शेवट घड्याळाने मोजा : गिळल्यावर किंवा थुंकल्यावर तीन सेकंदांत चव गेली तर शून्य, दहा सेकंद राहिली तर दोन, त्यापुढे तीन, मात्र राहिलेली चव कडवट असेल तर एकच. वासाला पाचाचा हिशोब सोपा : निदान तीन वेगळ्या गोष्टी नाव घेऊन सांगता आल्या तर ४-५, एकच आली तर २-३, नुसता "वाइनचा वास" आला तर १.

ती नावं आपल्या भागातलीच असू द्यात. लेबलामागचं ब्लॅकबेरी आणि कॅसिस आपल्यापैकी कितीजणांनी झाडावर पाहिलंय? जांबोटीच्या रानातलं पिकलेलं करवंद, जांभूळ, पेरूची साल, कैरी, काकवी, निपाणीच्या वखारीतला तंबाखू हे वास तुमच्या आठजणांच्या नाकात पक्के आहेत आणि यादी वाचणाऱ्यांच्याही. शिराझमध्ये काळी मिरी येते ती खरीच : रोटंडोन नावाचं द्रव्य मिरीतही असतं नि त्या द्राक्षाच्या सालीतही. कॅबर्नेत किंवा सोव्हिन्योंमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा वास आला तर ते पायराझिन नावाचं द्रव्य. थोडा असला तर ताजा वाटतो, जास्त असला तर द्राक्ष कच्चं तोडलं म्हणायचं.

गुण देताना तोंड बंद. पहिला मोठ्याने "वा!" म्हणाला की बाकीचे सहा कागद तिथेच वाकतात. मध्ये खायला साधा पाव किंवा बिनमिठाची भाकरी आणि पाणी. शेंगदाण्याची चटणी, फरसाण, लोणचं काही नको. पहिल्या तीन रकान्यांचे १५ गुण पंचाने जमा केल्यावरच जेवण बाहेर यावं, आणि मग त्याच ग्लासांतून जेवणाचे ५.

बेरीज करताना सरासरी काढू नका. तीन माणसं, तीन वाइन घ्या : क, ख, ग. पहिल्याने अनुक्रमे १८, १२, ९ दिले. दुसऱ्याने १४, १५, १३. तिसऱ्याने १३, १५, १४. सरासरी क १५, ख १४, ग १२. म्हणजे क जिंकली, आणि तिघांपैकी दोघांना ख आवडली होती! हात सैल सोडून गुण देणारा एकच माणूस निकाल ओढून नेतो. त्याऐवजी प्रत्येकाच्या कागदावर पहिला-दुसरा-तिसरा क्रम लावा आणि क्रमांची बेरीज करा : क १+२+३ म्हणजे ६, ख २+१+१ म्हणजे ४, ग ३+३+२ म्हणजे ८. सगळ्यांत कमी बेरीज ती पहिली. एखाद्या कागदावर पहिल्या नंबरासाठी दोघींची बरोबरी झाली तर दोघींना दीड-दीड.

प्रदेशांची तुलना करायची तर द्राक्ष एकच ठेवा, नाहीतर नाशिक आणि नंदीतला फरक बघतोय की शेनिन आणि कॅबर्नेतला, हेच कळणार नाही. शिराझपासून सुरुवात करा. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह नाशिककडची, फ्रातेल्लीची शिराझ सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची, ग्रोव्हर झाम्पाची ला रिझर्व्ह नंदी हिल्सची (तीत कॅबर्ने मिसळलेली असते, हे कागदावर लिहा) आणि चौथी ऑस्ट्रेलियाची साधी शिराझ. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर, नंदीचा पट्टा ९०० च्या आसपास. उंचीवर रात्री गार, म्हणून द्राक्षातला आंबटपणा टिकतो. उष्ण पट्ट्यात साखर लवकर भरते, आंबटपणा घटतो आणि अल्कोहोल चढतं. म्हणून पंचाला सांगा की लेबलावरचा अल्कोहोलचा टक्का वाचून १२.५ ची आधी, १४ ची नंतर ओतावी. आपल्या अंगणातली अथणी-विजापूरची द्राक्षं बहुतेक खाण्याची नि बेदाण्याची. त्या जातीची वाइन होते पण वासाला सपक. बंगळूर ब्ल्यू हे द्राक्ष वेगळं. लॅब्रुस्का जातीचं, तीव्र सरबती वासाचं, गोड वाइनला चालणारं. २०१३ पासून त्याला भौगोलिक मानांकन आहे.

वर्षाकडे बघायचं ते असं : आपल्याकडे एप्रिलमध्ये आणि पुन्हा पावसाळ्यानंतर छाटणी करून जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होते, युरोपात ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. लेबलावर एकच साल असलं तरी आपली बाटली सहा-सात महिन्यांनी वडील. साध्या देशी व्हाइटला सालापासून दीड-दोन वर्षांच्या आत संपवा. दुकानातल्या शोकेसमध्ये पश्चिमेच्या उन्हात उभी असलेली बाटली सवलतीतही घेऊ नका. बूच वर सरकलेलं, मानेवर चिकट ओघळ, किंवा वाइनची पातळी शेजारणीपेक्षा खाली, यांतलं काही दिसलं तर ती उन्हात शिजली आहे.

अशी बाटली चाखायला आली तर गुण देऊ नका, "खराब" लिहून बाजूला ठेवा. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास : बुचाचा दोष, काही केल्या जात नाही. शिरका किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा : आंबली. कापून ठेवलेल्या सफरचंदाचा : हवा लागली. कुजलेल्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडीचा आला तर थांबा, ग्लास जोरात फिरवा, दहा मिनिटं ठेवा. पुष्कळदा तो उडून जातो. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाचे, निरुपद्रवी.

किंमत गुणांत मिसळू नका, बाटल्यांची नावं उघड केल्यावर शेवटी एकच प्रश्न विचारा, "या किमतीला पुन्हा घ्याल का?" आणि हात वर करा. मात्र कुठली किंमत, हे इथे सीमेवर महत्त्वाचं. प्रत्येक राज्याचं अबकारी शुल्क निराळं, म्हणून तीच बाटली बेळगावात एका एमआरपीची, चंदगडात दुसऱ्या आणि पणजीत तिसऱ्या. यादी बेळगावात वाचली जाणार, तर बेळगावचीच एमआरपी आणि महिना लिहा. परदेशी बाटलीचंही नीट समजून घ्या : वाइनवर एकूण १५० टक्के सीमाशुल्क वर्षानुवर्षं आहे, ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये झालेल्या करारामुळे तिथल्या महाग बाटल्यांवर थोडं उतरलं. बंदरात ४०० रुपयांना उतरलेली बाटली शुल्क भरूनच १,००० ची होते. मग राज्याचं अबकारी आणि दुकानदार. तुमच्या २,२०० तली वाइन तिच्या गावात रोजच्या टेबलावरची असेल. तिच्याशी इथली ९०० ची बरोबरी करते यात नवल नाही.

म्हणून गोव्याहून आणलेल्या बाटल्या यादीत धरू नका. ती किंमत वाचणाऱ्याला इथे मिळणार नाही. शिवाय गोव्यातल्या बाटलीवर फक्त गोव्यात विक्रीसाठी असं छापलेलं असतं. परवान्याशिवाय ती चोर्ल्यातून किंवा अनमोडमधून इकडे आणणं अबकारी कायद्यात बसत नाही, मग दोन असोत की दहा. तिथे जाल तेव्हा तिथेच प्या.

जेवणाच्या पाच गुणांसाठी दर वेळी एकच पदार्थ ठेवा आणि तो यादीत लिहा. शिराझच्या रात्री ब्याडगी मिरचीचा जवारी कोंबडीचा रस्सा करा : रंग भरपूर, तिखट बेताचं, टॅनिनशी भांडत नाही. संकेश्वरी मिरचीचं मटण करायचंच असेल तर ते निमगोड शेनिन किंवा थंडगार रोझेच्या रात्री. थोडी साखर तिखट शमवते. कुंदा कुठल्याही ड्राय वाइनबरोबर वाढू नका. वाइन गोडाच्या पदार्थापेक्षा जास्त गोड असावी लागते, नाहीतर आंबट लागते. पोर्ट आणि उशिरा तोडलेल्या शेनिनची गोड वाइन यांची वेगळी रात्र ठेवा, त्यांना ६० मिलीचे छोटे ग्लास आणि सोबत खारे काजू.

शेवटी यादीत काय लिहायचं. "छान, स्मूद, फ्रूटी" एवढ्यावर कोणी बाटली घेऊ नये. असं लिहा : "शिराझ, अमुक वायनरी, अमुक साल, बेळगाव एमआरपी इतकी, जून. बर्फाच्या पाण्यात १२ मिनिटं ठेवून उघडली. वास करवंद नि मिरीचा. तोंडात आधी आंबट, मग थोडी तुरट, गोड अजिबात नाही. सातांपैकी पाच पुन्हा घेतील. ब्याडगीच्या रश्शाबरोबर चांगली, नुसती प्यायला कोरडी. गोड आवडणाऱ्यांनी घेऊ नये." ते शेवटचं वाक्य प्रत्येक बाटलीला हवंच; कोणासाठी नाही हे कळलं की वाचणाऱ्याचे पैसे वाचतात.

उरलेली वाइन बाटलीतच अर्धी ठेवू नका. आधीच धुऊन ठेवलेल्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि रेड असो की व्हाइट, फ्रिजमध्ये. तीन दिवस चांगली राहते, पोर्ट काही आठवडे. स्पार्कलिंग मात्र त्याच रात्री संपवा.